बीन्सचा टब आणि विश्वरूप: रॉकच्या कव्हरांची दोन घराणी

तबकडी (धागाकर्ता)

साठच्या दशकातल्या एखाद्या रॉक रेकॉर्डचं कव्हर कोणी टाकलं की खाली पहिला प्रतिसाद ठरलेला: "काय सायकेडेलिक आहे!" म्हणजे नशेच्या तंद्रीत दिसावं तसं. रंग भडक, अक्षरं वितळलेली, कोपऱ्यात एखादा देव, की लावलं लेबल आणि झाले मोकळे. माझं म्हणणं असं की त्यातली निम्मी कव्हरं सायकेडेलिक नाहीतच. ती पॉप आर्टची आहेत, आणि ही दोन घराणी एकमेकांच्या अगदी उलट गाणारी आहेत.

सायकेडेलिक घराण्याचं मूळ कव्हरात नाही, पोस्टरात आहे. १९६६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन ही दोन सभागृहं जोरात होती. फिलमोरमध्ये बिल ग्रॅहम कार्यक्रम लावायचा, अ‍ॅव्हलॉनमध्ये चेट हेल्म्स आणि त्याची 'फॅमिली डॉग' मंडळी. आठवड्याला नवा कार्यक्रम, म्हणून आठवड्याला नवं पोस्टर. ती काढणाऱ्यांत पाच नावं मोठी: वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस, आल्टन केली. विल्सनची ती फुगलेली, वळवळणारी अक्षरं आभाळातून पडलेली नाहीत. व्हिएन्नाच्या सेसेशन या चित्रकारांच्या चळवळीतल्या आल्फ्रेड रोलरची अक्षरं त्याने बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये पाहिली. रोलरचे ठोकळे एकमेकांत घट्ट बसायचे. विल्सनने ते तसेच उचलले, ताणले, आणि ज्वाळेसारखे वर चढवले.

जाहिरात धावत्या बसमधून वाचता आली पाहिजे, हा त्या धंद्याचा पहिला नियम. ही मंडळी मुद्दाम तो मोडत होती. ज्याला यायचंय तो थांबेल, जवळ येईल, डोकं लावेल. बाकीच्यांना बोलावलंय कोणी? कॅलिफोर्नियात एलएसडी या नशेच्या द्रव्यावर बंदी आली ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे ही पोस्टरं भिंतींवर असतानाच. तेव्हा "ज्याला कळेल त्यालाच कळू दे" यामागे नुसती कलात्मक हौस नव्हती.

पॉपचं सगळं उलट. दुकानातला डबा, साबणाची जाहिरात, सिनेमातली नटी, कॉमिकचं पान घ्यायचं आणि तेच मोठं करून समोर ठेवायचं. काही लपवायचं नाही. एका क्षणात कळलं पाहिजे, आणि कळल्यावर "हे इथे का आहे?" असं वाटून अस्वस्थ व्हायला पाहिजे. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने लंडनमध्ये १९५६ साली मासिकांतली कात्रणं चिकटवून जे प्रसिद्ध कोलाज केलं, त्यातल्या पैलवानाच्या हातातल्या लॉलीपॉपवर 'पॉप' असंच लिहिलेलं आहे. पुढे अमेरिकेत चित्रकार अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे आले.

आता मुद्द्याचं. लंडनच्या ट्रॅक रेकॉर्ड्स कंपनीने डिसेंबर १९६७ मध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन एलपी काढल्या. पहिली गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह', दुसरी 'द हू' या बँडची 'द हू सेल आउट'. दोन्ही कव्हरं डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ या एकाच जोडीची.

'सेल आउट'वर बँडमधल्या चौघांच्या चार खोट्या जाहिराती आहेत. पुढच्या बाजूला पीट टाउनशेंड काखेत पाटाएवढी डिओडरंटची कांडी घासतोय. शेजारी रॉजर डाल्ट्री हाइन्झच्या बेक्ड बीन्सनी भरलेल्या टबात बसलाय. बीन्स शीतपेटीतून काढलेले, गारढोण. त्यात बसून आपण आजारी पडलो, हे तो पुढे कित्येक वर्षं सांगत राहिला. मागच्या बाजूला कीथ मून मुरमांच्या मलमाची अजस्र ट्यूब घेऊन, आणि जॉन एन्टविसल बिबट्याचं कातडं नेसून, चार्ल्स अ‍ॅटलसच्या शरीरसौष्ठव कोर्सची जाहिरात करतोय. हे पॉप आर्ट आहे याबद्दल वाद नाही. टाउनशेंड ईलिंगच्या आर्ट स्कूलमधला, त्याला सगळं ठाऊक होतं.

'अ‍ॅक्सिस'वर मात्र विश्वरूप आहे. मुखांची रांग, आयुधं धरलेले हात, भोवती देवदेवता, आणि मधोमध हेंड्रिक्स आणि त्याचे साथीदार नोएल रेडिंग, मिच मिचेल यांचे चेहरे. यालाच जगभर 'सायकेडेलिक कव्हरचा नमुना' म्हणून दाखवतात. पण ते केलं कसं? कार्ल फेरिसच्या फोटोवरून रॉजर लॉने तिघांचे चेहरे रंगवले, आणि ते 'विराटपुरुषन विष्णुरूपम' या बाजारात हजारोंनी विकल्या जाणाऱ्या छापील देवाच्या चित्रावर बसवले. आपल्याकडे देवळाबाहेर मिळतं तसलं चित्र. म्हणजे एका महिन्यात एकाच जोडीने एकदा बीन्सचा डबा उचलला आणि एकदा देवाचं कॅलेंडर. पद्धत तीच. बघणाऱ्याला डबा ओळखीचा होता म्हणून त्याने त्याला पॉप म्हटलं, कॅलेंडर अनोळखी होतं म्हणून गूढ म्हटलं.

हाणा आता.

खडूस_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी आम्ही हे सगळं ऐकलं ते टीडीकेच्या कॅसेटवर, ए बाजूला हेंड्रिक्स, बी बाजूला क्रीम हा बँड, अर्धवट तुटलेला, वर बॉलपेनने नाव. कव्हर कसलं डोंबलाचं! तरी गाणं कळलं. त्यामुळे कव्हराचं एवढं कौतुक मला जरा शहरी चोचला वाटतो.

ऑफसेटवाला

काका, तुमची कॅसेट राहू द्या, रंगांचं बोलू.

माझी हयात प्रेसमध्ये गेली, म्हणून तबकडी यांनी मोस्कोसोला एका ओळीत उडवलं ते आवडलं नाही. त्या पाचांत सगळ्यांत रीतसर शिकलेला तो. येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली रंगशास्त्र शिकून आला होता. आल्बर्सच्या वर्गात रंग शेजारी ठेवल्यावर एकमेकांना कसे बदलतात हे शिकवत. मोस्कोसोने त्यातलं 'काय टाळावं' तेवढं उचललं आणि तेच धंद्याला लावलं.

लाल आणि निळा घ्या, किंवा लाल आणि हिरवा. दोन्ही पूर्ण ताकदीचे, आणि उजेडाला सारखेच, म्हणजे काळा-पांढरा फोटो काढला तर दोन्ही एकाच राखाडीत येतील असे. आता लालावर निळी अक्षरं छापा. कड ओळखायला डोळ्याला मुख्यतः उजेडातला फरक लागतो. इथे तो फरकच नाही, नुसता रंगाचा आहे. मग कड कुठे आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि अक्षर थरथरल्यासारखं दिसतं. यात नशेचा काही संबंध नाही. चहा पिऊन बघितलंत तरी थरथरणारच.

आणि हे छापणं सोपं नाही. दोन रंगांच्या मधे केसाएवढी पांढरी फट राहिली तर सगळी जादू गेली, कारण त्या फटीने डोळ्याला कड सापडते. एकमेकांवर चढले तरी मधे काळपट रेघ येते, परत कड सापडली. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, अगदी चोख बसावं लागतं. आमच्याकडे असं काम आलं असतं तर मशीनमनने पहिल्या शंभर कागदांतच शिव्या घातल्या असत्या.

दुसरी गंमत इंद्रधनुषी छपाईची. मशीनमध्ये शाई भरतो तिथे एका टोकाला पिवळी, दुसऱ्या टोकाला लाल ओतायची. रूळ डावी-उजवीकडे हलतात, मधे आपोआप नारिंगी तयार होतो. एका प्लेटच्या पैशात तीन रंग. जत्रेतल्या कुस्त्यांच्या पोस्टरवर पैलवानांच्या नावांमागे वर पिवळं आणि खाली लाल असं आभाळ असायचं ना, ते हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरांतही ही युक्ती भरपूर वापरली आहे, आणि कारणही तेच, खिशात पैसे कमी.

इंद्रायणी

ऑफसेटवाला, दंडवत. वाचनखूण साठवली.

मला बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमबद्दल बोलायचंय, कारण दोन घराण्यांची जुगलबंदी पाहायची तर ती तिथे आहे. जून १९६७ च्या आसपासचं सगळं वातावरण सायकेडेलिक, गाणी तशी, आतलं पाकीट 'द फूल' या डच चित्रकार मंडळींनी केलेलं, लाल-गुलाबी लाटांचं. आणि पुढचं कव्हर? पक्कं पॉप. सगळं पुठ्ठ्याचं. फोटो मोठे करून पुठ्ठ्यावर चिकटवले, कापले, हाताने रंगवले, आणि चेल्सीतल्या स्टुडिओत रांगेत उभे केले. ३० मार्च १९६७ रोजी मायकल कूपरने फोटो काढला. खर्च सुमारे ३,००० पौंड, जेव्हा एरवी कव्हराचं काम पन्नासेक पौंडांत उरकायचं.

आता माझी तक्रार. जिथे बघावं तिथे 'पीटर ब्लेकचं कव्हर' असं लिहिलेलं असतं. ते जॅन हॉवर्थ आणि पीटर ब्लेक या दोघांचं आहे, ग्रॅमीही दोघांना मिळालं. हॉवर्थ ही स्वतः चित्रकार, कापडाच्या बाहुल्यांसारखी शिल्पं करणारी. तिचे वडील हॉलिवूडमध्ये कलादिग्दर्शक, त्यामुळे पुठ्ठ्याचा देखावा खरा कसा वाटवायचा हे तिने घरीच पाहिलेलं. काळ्या-पांढऱ्या कटआउटवर रंग चढवण्याचं काम तिचं. उजव्या बाजूला स्वेटर घातलेली शर्ली टेम्पलची बाहुली आहे, ज्यावर रोलिंग स्टोन्स या बँडचं स्वागत लिहिलंय, तीही तिची. नवरा-बायकोने मिळून केलेल्या कामात नाव कोणाचं उरतं, ते सांगायला नकोच.

आणि आपल्याकडचं: बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या यादीमुळे त्या गर्दीत बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि योगानंद असे चार जण आहेत. समोर फुलांपाशी एक छोटी लक्ष्मीची मूर्तीही आहे. गांधीजीही होते, पण ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांनी ते काढायला लावले. भारतात लोक दुखावतील आणि तिथला धंदा बसेल, ही भीती.

श्रद्धा_सबुरी

म्हणजे गांधीजींना धक्का लागला तर धंदा बसेल, आणि त्याच वर्षी प्रत्यक्ष विष्णूच्या अंगावर गिटारवाल्याचं मुंडकं बसवलं तर कोणाला काहीच वाटलं नाही! मला 'अ‍ॅक्सिस'चं कव्हर पाहून वाईट वाटतं. अकरावा अध्याय पाठ असलेल्या घरात वाढले आहे. विश्वरूप ही काय कोणीही उचलून डकवायची गोष्ट आहे का? त्याला पॉप म्हणा नाहीतर आणखी काही, परवानगी कोणाची घेतली?

तबकडी

श्रद्धाताई, तुम्हाला वाईट वाटणं मी खोडून काढणार नाही. फक्त एक भर: हेंड्रिक्सलाही ते कव्हर रुचलं नव्हतं. तो स्वतःच्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त असल्याचं सांगायचा, आणि त्याला त्या अर्थाने 'इंडियन' काहीतरी हवं होतं. लंडनच्या ऑफिसात भलत्याच इंडियाचं चित्र निघालं. म्हणजे ज्याचा चेहरा लावला त्यालाही कोणी नीट विचारलं नाही.

मळवली_लोकल

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत माझे दोन पैसे.

देवाची चित्रं मालावर डकवणं हे लंडनच्या मुलांनी १९६७ मध्ये सुरू केलेलं नाही. त्याच्या कितीतरी आधी मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात पाठवायच्या कापडाच्या ताग्यांवर कृष्ण, लक्ष्मी, गणपती यांची रंगीत लेबलं लावत होत्या. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नाही, पण 'ते लक्ष्मीछाप द्या' म्हणता येतं. रविवर्म्यांची चित्रंही पुढे अशीच लेबलांवर आणि कॅलेंडरांवर गेली.

आणि रविवर्मा प्रेस तर आमच्या गावचाच. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, नंतर मळवलीला आला, मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. १९७२ च्या आगीत बरंच काही गेलं. आमच्या घरात आजीच्या देव्हाऱ्यामागे त्या प्रेसची लक्ष्मी अजून आहे. परवा फ्रेम पुसायला काढली तेव्हा भिंग लावून बघितलं. लांबून गाल एकसारखा गुलाबी दिसतो. भिंगातून नुसते ठिपके, हाताने दगडावर मारलेले, कुठे दाट कुठे विरळ. गुलाबीचे वेगळे, पिवळ्याचे वेगळे, आणि कानाजवळ कुठेतरी निळसर ठिपके सांडलेत ते सावली म्हणून. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पदराच्या काठावर एका ठिकाणी लाल रंग रेघेच्या किंचित बाहेर गेलाय, म्हणजे ऑफसेटवाला म्हणतात ते रजिस्टर तेव्हाही हलत होतं.

सांगायचा मुद्दा, तबकडी यांचं बरोबर आहे. आजी रोज त्या ठिपक्यांना हळदकुंकू वाहते आणि तिच्यासाठी ती लक्ष्मी आहे. छापील आणि हजारोंनी विकलेली असल्याने तिच्या श्रद्धेत काही उणं आलेलं नाही. पण चित्र म्हणून ते बाजारातलं आहे. लंडनमध्ये ज्याला ते सापडलं, त्याला देऊळ सापडलं नव्हतं, दुकान सापडलं होतं.

श्रद्धा_सबुरी

आजीच्या लक्ष्मीबद्दल छान लिहिलंत. तरी लेबलावर लक्ष्मी अख्खी होती हो, तिच्या गळ्यावर दुसऱ्या कोणाचं डोकं नव्हतं. मुद्दा तिथे आहे. असो.

वेदांत_एकटाकी

मी तबकडी यांच्याशी सहमत नाही, आणि भक्तीच्या अंगाने नाही. चित्र कुठून उचललं यावर घराणं ठरत नाही, ते बघणाऱ्याचं काय करतं यावर ठरतं. हे असंख्य मुखांचं, कुठे सुरू कुठे संपलं न कळणारं चित्र दुहेरी कव्हर उघडून मांडीवर घ्या आणि 'इफ सिक्स वॉज नाइन' लावा. सायकेडेलिक नाही तर काय आहे ते? तुमचा नियम लावला तर 'ग्रेटफुल डेड' बँडचा गुलाबांचा सांगाडाही सायकेडेलिक उरणार नाही. माउस आणि केली यांनी तो १९१३ च्या उमर खय्यामच्या रुबायांच्या आवृत्तीतून, एडमंड सलिव्हनच्या रेखाचित्रातून जसाच्या तसा उचलला, रंग भरले, १९६६ मध्ये अ‍ॅव्हलॉनच्या पोस्टरवर लावला. पुढे १९७१ च्या एलपीवर तोच कुळातला सांगाडा आला. छापील वस्तूच उचलली ना? मग त्यांनाही पॉपमध्ये टाका.

तबकडी

वेदांत, सांगाड्याचा मुद्दा जबरदस्त आहे. पण फरक असा: माउस-केली यांना ते चित्र सुंदर वाटलं म्हणून त्यांनी उचललं. ते एका जुन्या पुस्तकातलं आहे हे बघणाऱ्याला कळावं अशी त्यांची काही इच्छा नव्हती. किंग आणि लॉ यांना छापीलपणा दाखवायचा होता. चेहरे मुद्दाम त्याच गोड, गुळगुळीत कॅलेंडरी पद्धतीने रंगवलेत, डोळ्यांत तोच पाणीदारपणा. नक्कल करताना नक्कल दिसू देणं, हा पॉपचा स्वभाव. हाच रॉजर लॉ पुढे 'स्पिटिंग इमेज' या टीव्हीवरच्या टवाळ कार्यक्रमात पुढाऱ्यांच्या रबरी बाहुल्या करत होता, म्हणजे माणूस कुठल्या जातीचा ते बघा.

दुहेरी कव्हर मांडीवर घेऊन ऐकण्याबद्दल मात्र तुझ्याशी भांडणार नाही.

शिंपल्या

केळ्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? 'वेल्वेट अंडरग्राउंड अँड निको', मार्च १९६७. पांढऱ्या कव्हरावर पिवळं केळं, खाली वॉरहॉलची सही. बँडचं नाव पुढच्या बाजूला नाहीच! देठाजवळ बारीक अक्षरांत सूचना, की हळूच सोला आणि बघा. साल हा स्टिकर, तो काढला की आत गुलाबी केळं. मला लगेच 'आवाज' दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवल्या. वरच्या पानावर भलतंच काहीतरी सुचवायचं, पान उलटलं की साधं निरागस निघायचं. वॉरहॉलने तेच केलं, फक्त उलट दिशेने. वर निरागस, आत चावट.

ऑफसेटवाला

ते स्टिकरवालं कव्हर करणं म्हणजे बाइंडिंगवाल्याची परीक्षा. छापून झालं की संपत नाही, प्रत्येक कव्हरावर साल नेमकी आतल्या केळ्यावर बसायला हवी. रेकॉर्ड बाजारात यायला उशीर झाला त्याला हे कव्हरही कारण होतं असं सांगतात.

वॉरहॉलने पुढे १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'ला खरी चेन लावायची कल्पना दिली. जीन्सचा फोटो, त्यात चालणारी धातूची चेन. प्रत्यक्षात उतरवलं क्रेग ब्रॉनने. मग लक्षात आलं की रेकॉर्ड एकावर एक रचल्या की कव्हराची चेन लगतच्या तबकडीत रुतते, आणि नेमकं एका गाण्यावर वळ उठतो. तोडगा काय काढला? पाठवण्याआधी चेन अर्ध्यापर्यंत खाली ओढायची. मग दाब येतो तो मधल्या कागदी लेबलावर, तिथे खड्डा पडला तरी गाणं बिघडत नाही. हजारो कव्हरांच्या चेनी हाताने ओढायला कोणी बसवलं असेल त्याची मला काळजी वाटते.

इंद्रायणी

वॉरहॉलचं आणखी एक. रॉकच्या आधी, पन्नासच्या दशकात तो पोटापाण्यासाठी जॅझची कव्हरं करत होता, ब्लू नोट कंपनीसाठी गिटारवादक केनी बरेलच्या एलपींची वगैरे. आणि 'द स्टोरी ऑफ मूनडॉग' या १९५७ च्या कव्हरवर नुसतं सुंदर वळणदार हस्ताक्षर आहे, ते त्याच्या आईचं, जुलिया वॉरहोलाचं. 

खडूस_काका

'स्टिकी फिंगर्स'वरून आठवलं. स्टोन्सची ती जीभ! आमच्या वेळी प्रत्येक कॉलेजात एका तरी पोराच्या टी-शर्टवर असायची, आणि प्रत्येक बापाला ती अश्लील वाटायची.

तबकडी

काका, बापांना मूळ सांगायला हवं होतं, म्हणजे गप्प बसले असते. ती जीभ कालीमातेची.

१९७० मध्ये स्टोन्सचा गायक मिक जॅगर याला बँडसाठी चित्रकार हवा होता. त्याने रॉयल कॉलेज ऑफ आर्टला विचारलं, त्यांनी जॉन पाशे या विद्यार्थ्याचं नाव सुचवलं. जॅगरने त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं कालीचं छापील चित्र दाखवलं, जीभ बाहेर काढलेली. पाशेने देवी सोडली आणि तोंड घेतलं. मिळाले ५० पौंड. २००८ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ते मूळ चित्र विकत घेतलं तेव्हा ९२,५०० डॉलर मोजले.

परत तेच बघा. 'अ‍ॅक्सिस'ही छापील देवावरून, जीभही छापील देवीवरून. पण जिभेला कोणी सायकेडेलिक म्हणत नाही, कारण बाकीचं सगळं पुसून एक ठसठशीत खूण ठेवली. डब्यावर छापता येईल अशी.

पणजीकर

आमच्या गोव्याकडून थोडं अवांतर. हणजूणच्या पार्ट्यांत नव्वदीत माडांच्या मधे फ्लुरोसंट रंगात रंगवलेली कापडं टांगायचे, खाली अल्ट्राव्हायोलेट दिवे. शिव, ओम, गणपती, मशरूम, सगळं एकाच कापडावर. ट्रान्स संगीताच्या सीडींची कव्हरं त्याच चालीवर. तिथे सायकेडेलिक आणि कॅलेंडर यांची खिचडी पुरती शिजली होती, तबकडी यांची दोन भांडी वेगळी काढून दाखवणं कोणालाच जमलं नसतं. दिवसा ती कापडं बघितली की मात्र फिकट आणि मळकी दिसायची. रंग सगळा दिव्याचा.

ऑफसेटवाला

फ्लुरोसंट शाईचा तो गुणच आहे. उन्हात ठेवली की लवकर मरते. आणि चार रंगांच्या नेहमीच्या छपाईत ती चमक येतच नाही, वेगळी शाई लागते. म्हणून क्रीमच्या 'डिझरायली गिअर्स'चं मार्टिन शार्पने केलेलं मूळ चित्र फ्लुरोसंट रंगांत असलं तरी पुस्तकात किंवा मोबाइलवर बघून त्याचा अंदाज येणार नाही.

मोस्कोसोने तर दिव्याचा खेळ आधीच केला होता. काही पोस्टरांत एकावर एक वेगवेगळ्या रंगांत चित्रं छापली. लाल दिवा लागला की लाल रेघा कागदात विरून जातात, निळ्या काळ्या होऊन वर येतात. निळा दिवा लागला की उलट. सभागृहात रंगीत दिवे उघडझाप करत असले की भिंतीवरचं पोस्टर हलायला लागतं.

वेदांत_एकटाकी

मग सांगा, यात लपवलेलं काय होतं? सगळं यंत्रासारखं मोजून केलेलं. तुमच्या 'थांबा आणि डोकं लावा'पेक्षा हे जास्त पॉप वाटतं मला. 

आणि हॅमिल्टन तुम्ही सुरुवातीला आणलात आणि तिथेच सोडलात. १९६८ चा बीटल्सचा पांढरा अल्बम त्याचाच. पीटर ब्लेकच्या गर्दीनंतर दीड वर्षात हॅमिल्टनने कोरं पांढरं कव्हर दिलं, बँडचं नाव नुसतं उठावात, थोडं तिरकं, हात फिरवला तर कळेल असं. आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक. चित्रकार मोजक्या प्रती काढतो आणि त्यांना क्रमांक देतो, तसा लाखोंनी छापलेल्या वस्तूला क्रमांक दिला. मला ते सगळ्या धाग्यातलं सर्वांत खवचट पॉप कव्हर वाटतं, आणि त्यावर एकही रंग नाही.

तबकडी

हे मान्य, पूर्ण मान्य. आत मात्र त्यानेच केलेलं कात्रणांचं भलंमोठं पोस्टर घडी घालून ठेवलं होतं, म्हणजे गर्दी त्यालाही सोडवेना. बाहेर काढली नाही इतकंच.

शिंपल्या

आणि पिंक फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून'? ते कुठल्या घराण्याचं?

तबकडी

१९७३ पर्यंत दोन्ही घराण्यांचा दम संपत आला होता. पण ते कव्हर करणाऱ्या हिपनोसिस या मंडळींची सुरुवात बघ. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांचं पिंक फ्लॉइडसाठी पहिलं काम म्हणजे १९६८ चं 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'. धूसर, ग्रह, तारे, सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि नीट बघितलं तर त्यात मार्व्हल कॉमिकमधला डॉक्टर स्ट्रेंज लपलेला. म्हणजे वर सायकेडेलिक, पोटात पॉप. वेदांतसाठी आणखी एक काडी! पाच वर्षांनी त्याच मंडळींनी जॉर्ज हार्डीकडून काळ्यावर एक लोलक काढून घेतला, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतो तसा. ना देव, ना डबा, बँडचं नावसुद्धा नाही.

खडूस_काका

पुस्तकातला म्हणे! कव्हर आत्ता मोबाइलवर मोठं करून मोजलं. सहाच रंग आहेत. आमच्या मास्तरांनी तानापिहिनिपाजा छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं. यातला 'पा' कुठाय?

ऑफसेटवाला

पारवा नाही त्यात, बरोबर. छापणाऱ्याच्या बाजूने विचाराल तर ठीकच केलं. निळा आणि जांभळा यांच्या मधे एवढ्या बारीक पट्टीत पारवा घातला असता, तर काळ्यावर तिघांचा मिळून एकच गडद पट्टा दिसला असता.